गुडघ्यात उतरलेलं जेवण

माणसाने काय खावं, हा प्रश्न मी पन्नाशी गाठेपर्यंत कुणालाही विचारला नव्हता. ताटात येईल ते खावं, आवडलं नाही तर वरून मीठ घालून खावं, आणि तरीही घशाखाली उतरलं नाही तर ऑफिसात उशिरा काही खाल्लं होतं असं सांगून उठावं, एवढंच माझं आहारशास्त्र होतं. त्यामुळे ज्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून या प्रश्नाचं अधिकृत उत्तर शोधायला बाहेर पडलो, त्या दिवशी माझ्यावर तसाच काही प्रसंग ओढवला असणार, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

प्रसंग असा, की आईने रात्रीचं जेवण सोडलं.

सुरुवातीला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग वाटलं, रागावली असेल. आमच्या घरात आईच्या रागाची चौकशी करण्याचं काम बायको माझ्याकडे सोपवते, मी ते मुलीकडे सोपवतो आणि मुलीच्या कानात सदैव हेडफोन असल्यामुळे ते तिथेच अडकून पडतं. शिवाय कोण कधी जेवलं हे आमच्याकडे चटकन कळतही नाही. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने स्वयंपाकघरात जावं, झाकण उघडावं, वाढून घ्यावं आणि आपल्या जागी जाऊन खावं, अशी आमची सुटसुटीत पद्धत आहे. बायको बातम्यांसमोर जेवते, मुलगी तिच्या खोलीत दार लावून जेवते आणि मी ऑफिसातून आणलेल्या फायलींबरोबर जेवतो. जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर प्रिंटर ठेवलेला आहे.

शेवटी आईच्या घड्याळाने आम्हाला जागं केलं. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की थेट कोपराकडे घरंगळू लागलं. तेव्हा मात्र मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, जुने कागद पाहिले, रक्त तपासायला घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"वजन उतरतंय," ते मला म्हणाले. "या वयात हे बरं नाही. अशक्तपणाने तोल गेला आणि पडल्या, तर अंथरुणच धरतील. रक्तात काही सापडलं तर बघू, पण तोपर्यंत त्यांना नीट खायला घाला."

"नीट म्हणजे काय?" मी विचारलं.

"नीट म्हणजे नीट हो," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. रक्तात पुढे काहीच सापडलं नाही. आईला आजार नव्हता, ती फक्त जेवत नव्हती.

घरी आल्यावर आईने आपला फोन माझ्यापुढे धरला. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेला एक संदेश होता. "अंधार पडल्यावर खाल्लेलं अन्न थेट गुडघ्यात उतरतं. परदेशी शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. आपल्या माणसांना नक्की पाठवा." खाली दोन हात जोडलेले होते आणि एक फूल होतं.

"आई, अन्न गुडघ्यात कसं उतरेल? पोटाला तळ असतो."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"शास्त्रज्ञ आहेस?"

इथे मला माझ्या नोकरीविषयी सांगणं भाग आहे. मी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. लोक म्हणतात आमचं घर जळालं, आमची गाडी आपटली, आमचा पाय मोडला. मी म्हणतो, मूळ कागद दाखवा. प्रत चालत नाही, फोटो चालत नाही, शेजाऱ्याने पाहिलं हेही चालत नाही. मूळ पाहिल्याशिवाय माझा शिक्का कागदाला लागत नाही आणि या एकाच गुणावर मी खात्यात आदराने ओळखला जातो. निदान माझा तसा समज आहे. माझ्या पाठीमागे मला 'मुळ्या' म्हणतात, असं एकदा कॅन्टीनमध्ये कानावर आलं होतं, पण त्याला लेखी पुरावा नसल्यामुळे मी ते धरत नाही.

"गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं," आई म्हणाली, "तेव्हा पावतीची झेरॉक्स दिली तर स्वतःच्या आईला म्हणालास, झेरॉक्स चालणार नाही. पट्टी बांधलेल्या डोळ्याने मी परत दवाखान्यात गेले. गेले की नाही?"

"गेलीस."

"मग आता मलाही झेरॉक्स चालणार नाही. हे कुणी शोधलं, कुठून आलं, त्याचं मूळ मला दाखव. मूळ खोटं निघालं तर त्याच दिवशी जेवायला बसेन. तोवर माझ्या मागे लागू नकोस."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. "अहो, आईंशी वाद घालत जाऊ नका," ती म्हणाली. "तुम्हाला जमत नाही."

माझ्या धंद्याच्या नियमानेच मला बांधून घातलं होतं. आता माघार घेणं शक्य नव्हतं आणि तिकडे घड्याळ रोज थोडं थोडं वर चढत होतं.

मी आहाराच्या शोधात आहे ही बातमी बिल्डिंगभर पसरायला जिना उतरण्याइतकाच वेळ लागला. माणूस आजारी आहे म्हटलं तर लोक दार लावून घेतात, पण त्याला सल्ला हवाय म्हटलं की चप्पलही न घालता धावत येतात. समोरच्या वकिलीणबाईंनी मला सगळी पांढरी खाद्यं बंद करायला सांगितली. मी भीत भीत फ्लॉवरबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यावर दोन मतं आहेत. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका दर घासाला दोन्ही बाजूंनी सारखं चावतात आणि त्यामुळे त्यांच्या जबड्याचं माप गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. माझ्या मेहुण्याने, जो जिममध्ये जातो आणि गेल्यावर आरशातले फोटो पाठवतो, मला फोनवरून ठणकावलं की भात हे विष आहे. त्यानंतर आठवड्याभरात त्याच मेहुण्याचा पुन्हा फोन आला आणि त्याने भाताची जाहीर माफी मागितली, कारण आता विष म्हणजे फळं झाली होती. मी प्रत्येकाला नम्रपणे विचारत होतो की याला आधार काय. प्रत्येक जण मला "अहो, सगळ्यांना माहीत आहे" असं सांगत होता आणि मनातून दुखावत होता. वकिलीणबाईंनी तर मला लिफ्टमध्ये घेणं बंद केलं.

शेवटी मी ठरवलं, सरकारदरबारी जायचं. आरोग्य खात्याने लोकांसाठी आहाराची एक पुस्तिका काढली आहे असं मी ऐकून होतो. सरकारी पुस्तिका म्हणजे तिच्यावर शिक्का असणार आणि शिक्का म्हटला की मला निम्मं पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा.

आरोग्य खात्याच्या तळमजल्यावर ही गर्दी होती आणि खिडकीत एक गृहस्थ डबा उघडून बसले होते. डब्यात काय आहे हे मी व्यावसायिक कुतूहलाने पाहिलं. सगळं तळलेलं होतं.

"पुस्तिका मिळेल," ते म्हणाले. "आजार कोणता?"

"आजार नाही. आहार."

"आजाराशिवाय पुस्तिका देता येत नाही. नोंद कशाखाली करू?"

"मला निरोगी राहण्यासाठीच हवी आहे."

"मग आजारी पडल्यावर या," ते अगदी आपुलकीने म्हणाले. "तेव्हा लगेच देतो."

मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरच्या बाजूने हे असं दिसतं, याची मला कल्पना नव्हती. मी माझं ओळखपत्र दाखवलं, तर त्यांनी त्याची मूळ प्रत मागितली. मी म्हटलं, हीच मूळ प्रत आहे. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि फोटो जुना असल्याचा शेरा मारला. अखेर आमची तडजोड झाली. त्यांनी माझ्या नावापुढे 'अशक्तपणा' असं लिहिलं आणि मला दुसऱ्या मजल्यावर आहारतज्ज्ञबाईंकडे धाडलं, कारण पुस्तिका ज्या कपाटात होत्या त्याची किल्ली त्यांच्याकडे असते.

आहारतज्ज्ञबाईंच्या दाराबाहेर बाक रिकामं होतं. तळमजल्यावरची गर्दी आठवून मी आधी बिचकलोच. इतका मोकळा दवाखाना पाहिला की माणसाला शंका येते. आत एक मध्यमवयीन बाई शांतपणे एक जाडजूड अहवाल वाचत बसल्या होत्या. त्यांनी आईबद्दल सगळं विचारून घेतलं, डॉक्टरांचे कागद पाहिले आणि मग बोलायला लागल्या. भाज्या, फळं, डाळी, धान्यं सगळं आलटून पालटून असावं. मीठ, साखर, तळलेलं बेताने. वय वाढलं की प्रथिनं कमी पडू देऊ नयेत, मग दूध, दही, अंडी, मासे, डाळी यांपैकी घरात जे खाल्लं जातं ते रोजच्या रोज. आणि वजन आपोआप उतरतंय तोवर डॉक्टरांना भेटत राहायचं, ते सोडायचं नाही.

"बरं," मी पेन सरसावून म्हटलं. "आणि मुख्य काय?"

"हेच मुख्य."

"एवढंच?"

"गेली कित्येक वर्षं एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बाहेरचं बाक रिकामं असतं."

मी सवयीने विचारलं, याला मूळ काय? बाईंना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि माझ्यापुढे अहवालांची चळत ठेवली. प्रत्येक वाक्याखाली तळटीप, तळटिपेत आणखी एका अभ्यासाचा दाखला, किती माणसांवर केला, किती काळ केला, कुठे खात्री आहे आणि कुठे नाही तेही छापलेलं. कुठे खात्री नाही हे कबूल करणारा कागद मी नोकरीत एकदाही पाहिला नव्हता. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, अशक्तपणामुळे असेल.

निघताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. "आई जेवतात तेव्हा सोबत कोण असतं?"

प्रश्न विषयाला सोडून होता. इतक्या शास्त्रीय बाईंकडून मला त्याची अपेक्षा नव्हती. मी थोड्या अभिमानानेच सांगितलं की आमच्याकडे ज्याला त्याला पूर्ण स्वातंत्र्य आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मी उलटं वाचायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पुस्तिका घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. आईने चष्मा लावून ती पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत वाचली. वाचायला तिला दोन दिवस लागले. ते दोन्ही दिवस ती संध्याकाळी फक्त पाणी प्यायली.

"पुस्तक चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यात गुडघ्याचं कुठे लिहिलंय?"

"नाहीच लिहिलेलं! कारण अन्न गुडघ्यात उतरतच नाही."

"किंवा त्यांना अजून कळलेलं नाही," आई म्हणाली. "मी तुला दुसरं पुस्तक आणायला सांगितलं नव्हतं. या गोष्टीचं मूळ आणायला सांगितलं होतं."

आता एकच मार्ग उरला. दावा ज्या वाटेने आला त्या वाटेने उलटं चालत जायचं. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. जळालेल्या गोदामाचा कागद हाती आला की तो कुणी दिला, त्याला कुणी दिला, असं मागे मागे जात गेलं की शेवटी काडेपेटी सापडते.

ग्रुपवर संदेश टाकला होता तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी. ते पाणीपुरवठ्यात होते आणि बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे पाइपलाइनकाका म्हणतात. त्यांनी मला बसवून कागदावर माणसाची आकृती काढून दाखवली. त्यात पोटाच्या जागी टाकी होती आणि पायांच्या जागी दोन नळ होते.

"सरळ हिशेब आहे," ते म्हणाले. "दिवसा तुम्ही हालचाल करता, पंप चालू असतो. अंधार पडला की पंप बंद. मग माल खाली बसणार. आणि वाकण कुठे आहे? गुडघ्यात. गाळ नेहमी वाकणात साठतो."

"पण काका, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तत्त्व माझं आहे. बातमी आपल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची. मी फक्त 'आपल्या माणसांना नक्की पाठवा' एवढं जोडलं. फूलही माझंच."

औषधवाल्याकडे गेलो, तर काउंटरच्या काचेवर तेच वाक्य मोठ्या अक्षरांत छापून चिकटवलेलं होतं आणि त्याखाली गुडघ्याच्या मलमांच्या नळ्या रचून ठेवल्या होत्या. मी विचारपूस सुरू केल्यावर तो सावध झाला. मला तो बहुधा औषध खात्याचा माणूस समजला असावा.

"साहेब, मी कुठे म्हणतो मी शोधलं?" तो म्हणाला. "मोठ्या सभागृहात ते आहारगुरू येतात ना, त्यांच्या व्याख्यानात ऐकलं. मी फक्त 'थेट' हा शब्द घातला. 'अन्न गुडघ्यात उतरतं' म्हटलं तर लोक नुसतं हो म्हणतात. 'थेट' म्हटलं की मलम घेतात."

आहारगुरूंचं पुढचं व्याख्यान त्याच रविवारी होतं. बायको म्हणाली, मीही येते, तुम्ही तिथे भांडाल. सभागृह गच्च भरलं होतं. आहारतज्ज्ञबाईंचं रिकामं बाक आठवून मला उगाचच वाईट वाटलं. आहारगुरू झगमगीत जाकीट घालून मंचावर आले आणि अडीच तास बोलले. त्या काळात त्यांनी गव्हाला, दुधाला, बटाट्याला आणि शेवटी पाण्यालाही फैलावर घेतलं. हे सगळं सोडल्यावर माणसाने जगायचं कशावर, याचं उत्तर बाहेरच्या टेबलावर डब्यांतून विकायला ठेवलं होतं. माझ्या शेजारचे एक आजोबा प्रत्येक वाक्याला मान डोलावत खिशातून बिस्किटं काढून खात होते.

मी मात्र वेगळंच पाहत होतो. मंचाच्या तीन पायऱ्या चढताना आणि उतरताना आहारगुरूंनी कठडा घट्ट धरला होता. व्याख्यान संपल्यावर मी त्यांना पडद्यामागे गाठलं. ते खुर्चीवर पाय लांब करून बसले होते आणि दोन्ही गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या होत्या.

"गुडघ्यात उतरतं ते हेच का?" मी विचारलं.

माझा चेहरा पाहून त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. किंवा दमले असतील. "दरवाजा लावा," ते म्हणाले. "हे बघा, मी गुडघ्यांच्या व्यायामासाठी एका दवाखान्यात जातो. तिथे काउंटरवर बसणारी मुलगी आहे, ती बोलता बोलता म्हणाली, रात्री जेवलं की गुडघे जड होतात. मला पटलं. माझे होतात."

"आणि परदेशी शास्त्रज्ञ?"

"ते मला घालावे लागतात हो," ते कळवळून म्हणाले. "नाहीतर लोक खुर्चीतून उठून जातात."

बाहेर आलो तेव्हा बायकोच्या हातात एक डबा होता. नुसता वास घ्यायला घेतला होता, असं तिने सांगितलं. तो डबा अजून आमच्या फडताळात आहे आणि त्यातला चमचा सरळ उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या गुडघ्यांच्या दवाखान्यात पोचलो. छोटीशी जागा, भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जार. काउंटरवरच्या मुलीने मला "बसा काका, कुठला पाय?" असं विचारलं. मी तिला सांगितलं की पाय दोन्ही शाबूत आहेत, मला एका वाक्याचा तपास करायचा आहे. ती हसायला लागली.

"अय्या, ते वाक्य! ते माझं नाहीये. एक आजी यायच्या इथे, त्यांचं आहे. फार गोड बोलायच्या. आपला नंबर येऊन गेला तरी उठायच्या नाहीत, गप्पा मारत बसायच्या. संध्याकाळची वेळ असायची, मी माझा डबा उघडायचे, त्यांना म्हणायचे, आजी घ्या ना थोडं. तर एकदा म्हणाल्या, नको गं, रात्री जेवलं की गुडघे जड होतात."

मूळ सापडलं होतं. एका आजींचं तोंडी विधान, पुरावा शून्य, शास्त्रज्ञ एकही नाही. मी मनातल्या मनात शिक्का उचलला.

"या आजी कुठे राहतात, काही कल्पना?" मी विचारलं. "एकदा प्रत्यक्ष खात्री करून घेतो."

"पत्ता नाही माहीत. पण त्यांचा मुलगा खूप मोठा अधिकारी आहे, विम्याच्या कंपनीत."

माझ्याच क्षेत्रातला माणूस निघाला म्हणून मला बरं वाटलं. मोठा अधिकारी म्हणजे मी ओळखत असणारच. कोण असेल याचा मी विचार करू लागलो.

"इतका मोठा," ती मुलगी पुढे म्हणाली, "की त्याला घरी जेवायला बसायलाही वेळ नसतो. आजी म्हणायच्या, त्याचे फार महत्त्वाचे कागद असतात, त्याला मूळ कागदच लागतात. सून चांगली आहे, नात हुशार आहे, पण सगळे आपापल्या जागी जेवतात. आजोबा होते तेव्हा दोघं मिळून जेवायचे. आता एकटीने वाढून घेतलं की घास फिरतो, म्हणाल्या. गुडघ्यांचं नंतर मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी हसून सांगितलं, अगं, लोकांना काहीतरी कारण सांगावं लागतं."

मी पाण्याच्या जारापाशी जाऊन एक पेला पाणी प्यायलो. मग आणखी एक प्यायलो. आई मध्यंतरी गुडघ्यांच्या व्यायामाला एकटीच कुठेतरी जाते, एवढंच मला माहीत होतं. कुठे, ते मी विचारलं नव्हतं. त्या पावत्या तिने कधी माझ्याकडे दिल्या नाहीत, म्हणून माझ्या लेखी तो दवाखाना नव्हताच.

"काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्या मुलीने विचारलं.

"अशक्तपणा आहे," मी म्हणालो. "सरकारी नोंद आहे तशी."

त्या दिवशी मी फायली ऑफिसातच ठेवून घरी आलो. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि सगळी साखळी सांगितली. पाइपलाइनकाकांचे नळ, औषधवाल्याचं 'थेट', आहारगुरूंच्या गरम पाण्याच्या पिशव्या. तिला खूप हसू आलं. पिशव्यांपाशी तर तिने डोळे पुसले. मग मी काउंटरवरच्या मुलीपाशी आलो आणि थांबलो.

"म्हणजे मीच?" आई म्हणाली.

"तूच."

"मला वाटलंच होतं, वाक्य ओळखीचं आहे." आणि मग एकदम चेहरा खुलवून म्हणाली, "पण बघ, मी आधी म्हणाले आणि मग शास्त्रज्ञांनाही तेच सापडलं! म्हणजे माझं बरोबरच होतं."

यावर काय बोलावं, हे माझ्या नोकरीत शिकवलेलं नाही. तिचं घड्याळ कोपराशी होतं. मला मनापासून भीती वाटली, आणि लाजही वाटली, आणि या दोन्ही गोष्टी तिच्यासमोर कशा बोलायच्या ते मला कळेना. म्हणून मी मला जी भाषा येते तीच बोललो.

"आई, आमच्याकडे असा नियम आहे की दावा खोटा ठरवता येत नसेल, तर तो ज्याने केला त्यालाच मागे घेता येतो. दुसऱ्या कुणालाही नाही. शास्त्रज्ञांनाही नाही."

"असं?"

"हो. दावा तुझा आहे. तू मागे घे."

"मागे घ्यायला काही कारण लागत असेल ना?" आईने विचारलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, खाली रस्त्याकडे पाहत होती.

"लागतं."

"मग दे की कारण."

मी उठलो. जेवणाच्या टेबलावरचा प्रिंटर उचलला आणि माझ्या पलंगावर नेऊन ठेवला. त्याच्याखाली टेबलाचा मूळचा रंग होता, तो मी विसरून गेलो होतो. बायकोने बातम्या बंद केल्या. माझ्याकडे एकदा पाहून ती ताटं काढायला गेली. मुलीच्या खोलीचं दार मी ठोठावलं. तिने कानातून हेडफोन काढला आणि "कोण आलंय?" असं विचारलं. कुणी पाहुणे आले असतील असंच तिला वाटलं. मी म्हटलं, आजी जेवायला बसतेय.

खुर्च्या तीनच निघाल्या. चौथी कुठे गेली हे कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून मी गॅलरीतलं स्टूल आणलं आणि त्याच्यावर बसल्यामुळे माझी हनुवटी जवळजवळ ताटाच्या कडेला आली. मोठ्या अधिकाऱ्याला हे शोभण्यासारखं नव्हतं. भाजी, भात, अंडी आणि दही होतं. मग मुलीने पाइपलाइनकाकांच्या नळांबद्दल विचारलं आणि आईने गाळ वाकणात कसा साठतो ते चमच्याने काढून दाखवलं. ते दाखवता दाखवता ती जेवली. फार नाही जेवली, पण जेवली.

पुढे आम्ही तिला आहारतज्ज्ञबाईंकडे नेलं. तिचं आणि त्यांचं इतकं जमलं, की आता तिथल्या बाकावर निदान एक तरी माणूस नियमाने बसलेला असतो. वजन हळूहळू सावरतंय असं डॉक्टर म्हणतात. घड्याळ पुन्हा मनगटावर येतंय. प्रिंटर अजून माझ्या पलंगावरच आहे आणि मी त्याला वळसा घालून झोपतो.

परवा आम्ही असेच जेवायला बसलो असताना दाराची बेल वाजली. पाइपलाइनकाका होते. हातात फोन, चेहऱ्यावर तेज.

"वाचलंत का?" ते दारातूनच म्हणाले. "गुडघ्याचं सगळं जुनं झालं. नवं संशोधन आलंय. एकट्याने खाल्लेलं अन्न अंगालाच लागत नाही! परदेशी शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. घ्या, विचारा मूळ. तुम्ही विचारणारच."

मी काही विचारलं नाही. मूळ माझ्यासमोर बसलं होतं आणि दुसऱ्यांदा भात मागत होतं.